उस्ताज बहगत तुर्बा झाकतात

पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सफवतकडची मंडळी फातेहा वाचायला येणार हे ठरलं, आणि त्याच संध्याकाळी उस्ताज बहगत यांच्या लक्षात आलं की आपल्या दारासमोर जे काही पसरलं आहे त्याला बाग म्हणणं हा भाषेवर अन्याय आहे.

उस्ताजांना भाषेवरचा अन्याय सहन होत नसे. इजिप्तमधल्या मन्सूऱ्याच्या शाळांमध्ये त्यांनी आयुष्यभर अरबी शिकवली, मग शिकवणाऱ्यांच्या चुका काढल्या आणि अखेर निवृत्त होऊन घरी बसल्यावर घरच्यांच्या काढायला लागले. रेडिओवरचा निवेदक चुकला तर ते त्याला मोठ्याने दुरुस्त करत आणि तो पुढचं वाक्य बोलायच्या आत थोडं थांबत, त्यालाही विचार करायला वेळ हवा म्हणून. मुलीचं, मेर्वतचं, आधी एकदा सगळं ठरत आलं होतं. पण त्या मुलाच्या मामांनी जरा अलंकारिक बोलायला घेतलं, एका शब्दाचा शेवट चुकला आणि उस्ताजांनी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. मामा उभे राहिले. त्यांच्यामागे सगळे उभे राहिले. शरबताचे पेले भरलेले तसेच राहिले.

तेव्हा या खेपेला मेर्वतने बापाला समोर बसवून घेतलं. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवते. तिशी ओलांडलेली, मोजकं बोलणारी मुलगी.

"बाबा, तुम्ही बाग करा," ती म्हणाली. "दारातलं सगळं तुमच्याकडे. घरातलं बोलणं आईकडे."

"म्हणजे मी बोलायचं नाही?"

"बोला ना. झाडांशी बोला."

तिला सफवत आवडला होता. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण शाळेतून येताना जिन्यात ती गुणगुणायला लागली होती, आणि गणिताच्या बाई उगाच गुणगुणत नाहीत. सफवत पाटबंधाऱ्यांकडचा इंजिनियर. पुढच्या महिनाअखेरीला ओमानला नोकरीवर निघायचा होता. जायच्या आधी फातेहा झाली की लग्न पक्कं, आपल्याकडे सुपारी फुटते तसं. नाही झाली तर त्याच्या आईच्या, हाज्जा तफीदांच्या, नात्यात एक मुलगी तयारच होती. हाज्जा तफीदा बाई मनाच्या चांगल्या, पण शकुन-अपशकुनाला फार मानणाऱ्या. रस्त्यात रिकामा जनाजा आडवा गेला तर भाजी न घेता घरी परतणाऱ्यातल्या.

तीच फातेहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, मयताच्या नावानेही वाचतात. पण ते वेगळं प्रकरण आहे आणि या गोष्टीत त्याचा काही संबंध यायला नको होता.

तर बाग. इमारतीची भिंत आणि पदपथ यांच्यामध्ये नऊ मीटर लांब, दीड मीटर रुंद अशी ती पट्टी होती. कधीकाळी तिथे हिरवळ होती. ती मांजरांनी, फुटबॉलने आणि वरच्या मजल्यावरच्या हाज महरूस यांच्या ओल्या सतरंज्यांनी मिळून मारली. आता तिथून नुसती धूळ उठायची, आणि उस्ताजांची पत्नी इन्शिराह दिवसातून तीनदा झाडू मारताना त्या धुळीबद्दल जे बोलायची त्यातलं बरंचसं लग्न झाल्यापासूनच्या एकूण आयुष्याबद्दल असायचं.

उस्ताजांनी शेतकी महाविद्यालयाच्या वाचनालयात बसून अभ्यास केला. हिरवळीला पाणी फार. झुडपं वाढायला वर्षं लागतात. पण एक जात होती, जमिनीसरपट पसरणारी, बुटकी, वर्षानुवर्षं टिकणारी, दोन आठवड्यांत उघडी जमीन झाकून टाकणारी. पुस्तकात तिला नाव होतं 'तुर्बा झाकणाऱ्या वनस्पती'. उस्ताजांना वनस्पतींपेक्षा ते नाव जास्त आवडलं. तुर्बा म्हणजे माती. शुद्ध, जुना, कोशातला शब्द.

अडचण एवढीच की मन्सूऱ्यात, आणि कैरोत, आणि मधल्या सगळ्या गावांत, तुर्बा म्हणजे थडगं. ज्यात पुरतात ते. मातीला सगळे चिखलच म्हणतात, ओली असो की कोरडी. आपल्याकडे कोणी 'मातीला जाऊन आलो' म्हणाला तर तो कुंड्या भरायला गेला होता असं आपण समजत नाही, तशातलं. उस्ताजांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण लोकांचं चुकतं म्हणून आपण बरोबर बोलणं सोडायचं का, हा त्यांचा प्रश्न होता. थडग्याला कब्र म्हणावं. चिखल हा शब्द तर त्यांनी निबंधात कधी चालवून घेतला नव्हता.

त्यांनी पहिल्यांदा इमारतीचा राखणदार शाझली याला बोलावलं.

"शाझली, गुरुवारच्या आत तुर्बा झाकून घ्यायची आहे."

शाझली चहा पीत होता. त्याने पेला खाली ठेवला. "कोणाची, साहेब?"

"माझी. दुसऱ्याची कशाला झाकू?"

"एवढी काय घाई आहे, साहेब? तुमचं वय ते काय."

"वयाचा काय संबंध? गुरुवारी लोक फातेहा वाचायला येणार. तुर्बा उघडी पडलेली बघून काय म्हणतील?"

शाझली जिन्याच्या पायरीवर बसला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांना काय विचारायचं? मी स्वतः पुस्तकात वाचलं. दोन आठवडे पुरतील."

"आणि बाईसाहेबांना...?"

"तिला आत्ताच काही बोलू नकोस. तिला गुरुवारीच कळू दे," उस्ताज म्हणाले आणि चेहऱ्यावर थोडं हसू आणून आत गेले. शाझलीने ते हसू पाहिलं आणि मनात म्हणाला, काय धीराचा माणूस आहे.

शाझलीच्या पोटात गोष्ट राहात नाही, पण ही त्याने संध्याकाळपर्यंत ठेवली आणि फक्त दोन ठिकाणी सांगितली. एक हाज महरूस यांना आणि दुसरी शेजारच्या मादाम एव्हॉन यांना. उस्ताजांचं घर सोडून बाकीच्यांना त्या दोघांनी सांगितलं.

हाज महरूस रेल्वेतून निवृत्त झालेले. जगात असं एकही काम नव्हतं ज्यावर ते सल्ला देऊ शकत नव्हते, आणि मरणासारख्या विषयावर त्यांच्याकडे साठाही बराच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले, पट्टीच्या कडेला उस्ताजांशेजारी उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हे पहिल्यांदाच घडत होतं.

"शाझलीने सांगितलं," शेवटी ते म्हणाले. "चांगलं करताय. माणसाने आपलं आपण वेळेवर उरकावं."

"मलाही तेच वाटलं. पोरांवर कशाला टाकायचं."

"चुना घाला आधी. किडे होत नाहीत."

"चुन्याने मुळं जळतात," उस्ताज म्हणाले.

ही कसली मुळं हे हाज महरूस यांना कळलं नाही, पण अशा वेळी माणसाचं बोलणं थोडं भरकटायचंच असं त्यांनी मानून घेतलं. "आमच्या भावाची आम्ही रेल्वेच्या जुन्या रुळांनी झाकली," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली, जागची हललेली नाही."

"रूळ नकोत. मला तिच्यावर काहीतरी जिवंत हवं आहे. हिरवं. लाल फुलांचं. बघणाऱ्याला बरं वाटेल असं."

हाज महरूस यांनी रुमाल काढला. मग दोन्ही हातांनी उस्ताजांचा हात धरला आणि म्हणाले, "सतरंज्यांचं माफ करा, उस्ताज. इथून पुढे मी त्या मागच्या बाजूला वाळत घालीन."

उस्ताज थक्क झाले. या सतरंज्यांवरून सोसायटीच्या तीन बैठका मोडल्या होत्या. बागेचं नुसतं नाव काढलं तर माणूस इतका सुधारतो, मग ती पसरल्यावर काय होईल, असा विचार करत ते नदीपलीकडे तल्ख्याला रोपवाटिकेत गेले.

रोपवाटिकेतला सब्री मोठा मिठ्ठास बोलणारा. उस्ताजांनी त्यालाही आपली निकड शुद्ध अरबीत सांगितली. तुर्बेसाठी वनस्पती हवी, बुटकी, पसरणारी.

सब्रीने टोपी काढून पुन्हा घातली. "घरातलंच कोणी?"

"माझीच."

"अल्ला तुम्हाला आयुष्य देवो. पाणी घालायला कोणी रोज येणार आहे का?"

"मी स्वतः घालणार."

"हो हो, आत्ता तुम्ही घालालच," सब्री हळू आवाजात म्हणाला. "मी नंतरचं विचारतोय."

नंतरचं म्हणजे उन्हाळ्याचं, असं उस्ताजांनी धरलं, आणि उन्हाळ्यात आपण बहुधा अलेक्झांड्रियाला मेव्हण्याकडे असू असं सांगितलं. सब्रीने मान डोलावली. असं आपल्या मनाची समजूत घालणारे लोक त्याने पाहिले होते. त्याने त्यांना हय्य-अलम काढून दिलं. जाड मांसल पानांची, जमिनीला चिकटून धावणारी वेल. तोडून टोचली तरी धरते, पाणी महिनाभर नाही मिळालं तरी तक्रार करत नाही. बोराएवढी लाल फुलं येतात. "आमच्याकडून सगळे हेच नेतात," तो म्हणाला. कशासाठी नेतात ते तो म्हणाला नाही, आणि रोपांचे ट्रे त्याने स्वतः टॅक्सीपर्यंत डोक्यावरून नेले. इतका आदर उस्ताजांना शाळेतसुद्धा मिळाला नव्हता.

आता खणायचं, तर पट्टीखालून पाण्याचा मुख्य नळ गेलेला. खणण्याआधी वॉर्ड कचेरीची परवानगी हवी. दुसरा कोणीही रात्री खणून मोकळा झाला असता. उस्ताज कायद्याचे पक्के. ते सकाळीच कचेरीत गेले आणि खिडकीमागच्या बाईंना म्हणाले की घरासमोरची तुर्बा खणून झाकायची आहे.

बाई घरून आणलेला उसळ-पाव खात होत्या. त्यांनी घास गिळला. "घरासमोर?"

"दारातच. नऊ मीटर आहे."

"रहिवासी वस्तीत चालत नाही हो ते. आरोग्य खात्याची मनाई आहे."

"मनाई कशी? चारच इमारती सोडून डॉक्टर नसीम यांनी केलंय. गुलाबसुद्धा आहेत वर."

बाई डॉक्टर नसीमना ओळखत होत्या. त्यांची बायको दोन वर्षांपासून दिसत नव्हती. बाईंनी उरलेला पाव कागदात गुंडाळून ठेवला. मग समोरच्या वयस्कर माणसाच्या नीट पुसलेल्या चपला आणि छातीशी धरलेली फाइल पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही उगाच खात्यांच्या मागे लागू नका. झाकायचं काम मुअल्लिम जाबिर करतो. मी निरोप देते, तो घरीच येईल तुमच्याकडे."

उस्ताज त्या दिवशी घरी येऊन इन्शिराहला म्हणाले की लोक सरकारी कचेऱ्यांना उगाच नावं ठेवतात.

मुअल्लिम, म्हणजे मिस्त्री, जाबिर आला. काळा झगा, डोक्याला शाल, हातात दोरी. तो शहराबाहेरच्या दफनभूमीचा कबर खोदणारा हे शाझलीने लांबूनच ओळखलं आणि तो चटकन दाराआड झाला. उस्ताजांनी त्याला माळी समजून खुर्ची दिली.

"किती माणसांची सोय करायची?" जाबिरने विचारलं.

"दहा-बारा तरी होतील. बायका आत, पुरुष बाहेरच्या बाजूला."

"वेगळेच ठेवावे लागतात," जाबिर म्हणाला. इथपर्यंत सगळं त्याच्या रोजच्या कामातलं होतं; घराण्याच्या एकाच तुर्बेत बायका आणि पुरुष वेगळ्या कप्प्यांत पुरतात. "सवडीने करतो मग."

"सवड कुठली? गुरुवारी येणार सगळे."

"सगळे?"

"सगळे. दिवस ठरलाय, तसं कळवलंय त्यांना."

जाबिरने खूप घराणी पाहिली होती, पण दिवस ठरवून कळवणारं त्याने पाहिलं नव्हतं. त्याने दोरी मांडीवर ठेवली. "आणि त्यांची... तयारी आहे?"

"मुलाची आई जरा शंकेखोर आहे. पण एकदा आली की शांत होईल."

जाबिरने पुटपुटत देवाचं नाव घेतलं. "आणि करायचं कुठे म्हणालात?"

"हे काय, इथे. तुम्ही उभे आहात तिथून खांबापर्यंत. कचरा काढा, वीतभर खणा, बास."

"वीतभर?" जाबिर उठलाच. धंदा कुठलाही असो, त्यात कामाची काही लाज असते. "उस्ताज, मी पापभीरू माणूस आहे. वीतभर मी कोणाला घातलेलं नाही. हे काम माझ्याने होणार नाही. तुमच्या घराण्याची तिकडे जी आहे ती मी लिंपून ठेवतो, पुण्य म्हणून." आणि तो गेला. जाताना त्याने शाझलीला विचारलं, "आजार डोक्याचा आहे का?" शाझली म्हणाला, "सुरुवात पोटापासून झाली असेल. आता वर चढलेला दिसतो."

माळ्यांची जात कामचुकार, असं ठरवून उस्ताजांनी स्वतःच कुदळ हातात घेतली. रोज पहाटे ते खणायचे आणि शाझली डोळे पुसत माती उचलायचा. परवानगी आली नव्हती, पण मनाईही आली नव्हती. वेली लावल्या. त्या धरल्या. उस्ताज रोज वाकून बघायचे आणि रोज एक बोटभर पुढे सरकलेली वेल त्यांना दिसायची.

कबर खोदणारा घरी येऊन गेला हे मात्र मादाम एव्हॉननी आपल्या खिडकीतून पाहिलं. त्यांना आता गप्प बसवेना. मसुराच्या डाळीचं भांडं घेऊन त्या मागच्या दाराने इन्शिराहकडे आल्या, भांडं ओट्यावर ठेवलं आणि तिला मिठी मारून रडल्या. मग सगळं सांगितलं.

इन्शिराह संतापी बाई. एखादीने त्याच पावली बाहेर जाऊन नवऱ्याला विचारलं असतं. पण तिने दोन गोष्टी मनात मांडल्या. एक, नवऱ्याने आपल्याला सांगितलेलं नाही, म्हणजे गुरुवारपर्यंत आपल्याला कळू द्यायचं नाही असं त्याच्या मनात आहे. दोन, हे बाहेर फुटलं तर हाज्जा तफीदा फातेहा वाचणार नाहीत, आणि मग बाप मुलीचं ठरलेलं न बघताच जगातून जाईल. तिने डोळे धुतले आणि मेर्वतलासुद्धा काही बोलली नाही.

त्या दिवसापासून उस्ताजांचं घर बदललं. चिखलाचे बूट घालून ते दिवाणखान्यात आले तरी कोणी ओरडलं नाही. मंगळवारी तांदूळ भरलेली कबुतरं झाली, बुधवारी पुन्हा झाली. रेडिओवरच्या निवेदकाला त्यांनी सुनावलं तेव्हा इन्शिराह हातातलं काम थांबवून ऐकत राहिली. एका दुपारी ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?"

"गुरुवारी दिसेल तुला सगळं," उस्ताज खुशीत म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि कांदे चिरायला उठली. त्या दिवशी कुठल्याच पदार्थात कांदा नव्हता. उस्ताजांना वाटलं, पट्टी हिरवी झाली आणि बायकोचा स्वभाव पालटला. बागेचा असा गुण पुस्तकात दिलेला नव्हता.

गुरुवार आला. पट्टी भिंतीपासून पदपथापर्यंत हिरवीगार झाली होती, मधूनमधून लाल ठिपके. उस्ताज आपला एकुलता एक सूट घालून दारात उभे होते. आत गुलाबाचं लाल शरबत पेल्यांत भरलेलं. मेर्वत निळ्या पोशाखात आरशापुढून हलत नव्हती.

गाडी थांबली. हाज्जा तफीदा उतरल्या, त्यांचे भाऊ उतरले, सफवत केकचा खोका घेऊन उतरला. शाझली पुढे झाला. त्याने मान खाली घातली होती.

"फातेहा वाचायला आलात?" तो म्हणाला. "लवकर आलात, बाई. अजून आहेत ते."

हाज्जा तफीदांनी विचारलं, कोण आहेत. शाझलीने सांगितलं. कबर खोदणाऱ्याचंही सांगितलं, डॉक्टरांचं नाव काढू देत नाहीत हेही सांगितलं. सफवतच्या हातातला खोका हळूहळू खाली आला.

हाज्जा आत येऊन बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मेर्वत शरबताचं ताट घेऊन आली आणि त्यांच्यापुढे वाकली. हाज्जांनी पेल्याला हात लावला नाही.

"पोरी, मला कॉफी दे. साखर घालू नकोस."

बिनसाखरेची कॉफी मयताच्या घरी पितात. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं. मेर्वत वाकलेली होती तशीच राहिली.

"मी कोणाला दोष देत नाही," हाज्जा म्हणाल्या. "पण ज्या घरात तुर्बा तयार करून ठेवली आहे तिथे मी लग्नाची फातेहा वाचणार नाही. ती चांगली ठरत नाही. वर्षभर जाऊ दे, मग बघू."

वर्षभरानंतर सफवत ओमानात असणार होता आणि नात्यातली ती मुलगी इथे.

"तुर्बा तयार आहे हे खरंच आहे," उस्ताज गोंधळून म्हणाले. "आज सकाळीच पूर्ण झाली. आपण येतानाच पाहिली असेल."

हाज्जांचे भाऊ सरकून बसले. इन्शिराहच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. आणि उस्ताजांना त्या क्षणी सगळं कळलं. जाबिर, सब्री, सतरंज्या, कबुतरं, सगळं एकाच वेळी. त्यांनी घसा साफ केला आणि त्यांना सवय होती तेच केलं. स्पष्टीकरण द्यायला उभे राहिले.

"आदरणीय भगिनी, आपला शब्दार्थविषयक संभ्रम झालेला आहे. तुर्बा ही मूलतः जीवसृष्टीची जननी होय. तिच्यातूनच आपण उद्भवतो आणि तिच्यातच..."

"ऐकलंत?" हाज्जा भावाला म्हणाल्या. "निरोपच घेतायत ते."

"नव्हे, नव्हे. मी केवळ तिचं आच्छादन केलं आहे. अंतर्भागी कोणीही नाही."

"अजून नाही," हाज्जांचे भाऊ हळूच म्हणाले आणि उठायच्या तयारीने त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले.

मेर्वतने ताट टेबलावर ठेवलं. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "बाबा," ती म्हणाली, "एकदा त्यांच्या बोलीत सांगा. एकदाच."

उस्ताजांनी मुलीकडे पाहिलं. त्यांच्यापुढे आयुष्यभराची मुलं उभी राहिली असतील, ज्यांचे गुण त्यांनी त्या एका शब्दासाठी कापले होते. मग ते दाराबाहेर गेले. सगळे मागोमाग दारात आले. उस्ताजांनी सुटासकट पट्टीत गुडघे टेकले, दोन्ही हात वेलींखाली घातले आणि ओली माती ओंजळीत वर काढली.

"हाज्जा, हा चिखल आहे," ते गल्लीतल्या बोलीत, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "नुसता चिखल. धूळ उडत होती म्हणून मी चिखल झाकलाय. मी मरत नाहीये. मला काही झालेलं नाही. शहाणपणा करायला गेलो आणि तुर्बा म्हणालो. मला चिखल म्हणायला हवं होतं. चिखल आहे हा, हाज्जा. माझ्या पोरीचं लग्न मोडू नका."

वरच्या बाल्कनीतून हाज महरूस कठड्यावर वाकून बघत होते.

"म्हणजे तुम्ही मरत नाही आहात?" इन्शिराहने विचारलं.

"नाही."

"कशानेच नाही?"

"सध्या तरी नाही."

इन्शिराह पायरीवर बसली आणि जे इतके दिवस तिने कांद्यांवर घातलं होतं ते सगळं बाहेर आलं. ती मोठ्याने रडली. मी रात्री उठून तुमचा श्वास बघत होते, म्हणाली. कबुतरांच्या मानांपासून पायांपर्यंत तांदूळ भरताना दर दाण्याला तुमच्यासाठी मागत होते, म्हणाली. मग तिची नजर सुटाच्या गुडघ्यांवर गेली आणि त्याच आवाजात तिने त्या सुटाबद्दल, चिखलाच्या बुटांबद्दल आणि रेडिओबद्दल बोलायला सुरुवात केली. उस्ताज गुडघ्यांवरच होते. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

हाज्जा तफीदा ते बघत उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्या इन्शिराहशेजारी पायरीवर टेकल्या.

"आमच्या ह्यांनीही असंच केलं होतं," त्या म्हणाल्या. "गुपचूप जाऊन आपली तुर्बा बांधून घेतली. मला शेवटच्या आठवड्यात समजलं. म्हणून मघाशी ऐकलं तेव्हा मला तेच आठवलं, बाई. मला तुझ्या मुलीचा राग नव्हता."

सफवत आईकडे बघत राहिला. हे त्यालाही माहीत नसावं.

हाज्जांनी डोळे पुसले आणि मागे न बघता हात पुढे केला. मेर्वतने त्या हातात शरबताचा पेला दिला. हाज्जा तो निम्मा प्यायल्या, उरलेला त्यांनी इन्शिराहला पाजला, आणि सगळे आत गेले. भावांनी तळहात वर करून फातेहा सुरू केली. सफवत आणि मेर्वत खोलीच्या दोन टोकांना बसून जमिनीकडे बघत होते आणि दोघांचेही कान लाल झाले होते. मातीचे हात तसेच वर धरून उस्ताज शेवटपर्यंत त्यांच्यामागे म्हणत होते.

निघताना हाज्जा तफीदा पट्टीपाशी थांबल्या.

"हे पाणी फार मागतं का, उस्ताज?"

"नाही. विसरलं तरी चालतं."

"आमच्या ह्यांच्यावर नुसता सिमेंटचा ओटा आहे. इतकी वर्षं झाली. जायची मला भीती वाटते, म्हणून कधी काही लावलं नाही." त्यांनी एका वेलीला बोट लावलं. "यातलं थोडं द्याल मला?"

उस्ताज पुन्हा खाली बसले. कडेची नाही, अगदी दारासमोरची, सगळ्यांत जास्त फुललेली वेल त्यांनी मुळांसकट सोडवली आणि इन्शिराहने आणून दिलेल्या ओल्या फडक्यात बांधली. दारासमोर हातभर जागा उघडी पडली.

"खोल लावू नका," ते म्हणाले. "हाताने जराशी दाबा, बास. बाकी ती तिची पसरते."

"आणि कुणी विचारलं तर काय सांगू?" हाज्जांनी ते गाठोडं छातीशी धरत विचारलं. "तुमच्या शुद्ध भाषेत काय म्हणतात याला?"

उस्ताज बहगत यांना ते माहीत होतं. मुळापासून, धातूसकट माहीत होतं.

"तुम्ही म्हणाल ते," ते म्हणाले, आणि त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.